बारा जणांचा वर्ग

'शिष्य' हा शब्द मराठी घरांत सर्वांच्या ओळखीचा आहे. परंतु त्याच्या मूळ अर्थाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. संस्कृत 'शास्' धातूपासून तो निघाला आहे, आणि शासन, शास्त्र, अनुशासन हेहि शब्द त्याच कुळांतले आहेत. तेव्हां शिष्य म्हणजे नुसता श्रोता नव्हे. ज्याला शिकवावयाचें आणि शिकवितां शिकवितां वळण लावावयाचें, तो शिष्य. लॅटिन भाषेंतहि 'शिकणारा' आणि 'शिस्त' या दोन अर्थांचे शब्द एकाच मुळापासून फुटले आहेत. ख्रिस्ती मंडळींत 'शिष्यत्व' हा जो शब्द वारंवार कानीं पडतो, त्यांत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

पण शब्द जितका सोपा, तितकें काम अवघड. देवळांत, मशिदींत किंवा चर्चमध्यें शेंकडों लोक जमतात, प्रवचन ऐकतात, क्षणभर हेलावतात आणि घरीं जातात. रागीट असतो तो रागीटच राहतो. मापांत मारणारा दुकानदार दुसऱ्या दिवशीं पुन्हां तोच तराजू हातांत धरतो. शाळेच्या हजेरीपटावर मुलाचें नांव आहे, एवढ्यावरून त्याला विद्या आली असें कोणी शहाणा पालक मानीत नाहीं. मग धर्माच्याच बाबतींत नुसत्या हजेरीवर समाधान कां मानावें? ऐकणाऱ्याचा शिकणारा कसा व्हावा, हा प्रश्न सर्वच धर्मांपुढें आहे. अठराव्या शतकांत इंग्लंडांतील मेथॉडिस्ट लोकांना त्याचें एक उत्तर सांपडलें. मौज अशी कीं, तें कोणी शोधावयास गेलें नव्हतें. एका इमारतीचें कर्ज फेडण्याच्या खटपटींत तें हातीं लागलें.

या पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याचा जन्म १७०३ सालीं लिंकनशायरमधील एपवर्थ या गांवीं एका पाळकाच्या घरीं झाला. ऑक्सफर्डला शिकून तोहि चर्च ऑफ इंग्लंडचा पाळक झाला. ऑक्सफर्ड येथें तो, त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स आणि कांहीं मित्र यांचें एक लहानसें मंडळ होतें. ठराविक वेळीं प्रार्थना, ठराविक दिवशीं उपास, तुरुंगांतील कैद्यांची भेट असा त्यांचा नेम असे. या काटेकोरपणाची इतर विद्यार्थी टर उडवीत आणि 'पद्धतवाले' अशा अर्थानें त्यांना 'मेथॉडिस्ट' म्हणत. पुढें तेंच नांव साऱ्या पंथाला चिकटलें. १७३५ मध्यें वेस्ली अमेरिकेंतील जॉर्जिया वसाहतींत गेला आणि १७३८ च्या आरंभीं निराश होऊन परतला. त्याच वर्षीं २४ मे रोजीं लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका लहानशा सभेंत त्याच्या मनाला ती खात्री लाभली, जिच्यासाठीं तो कित्येक वर्षें नेमधर्म करीत होता. पुढच्या वर्षीं, १७३९ च्या एप्रिलांत, ब्रिस्टल येथें त्यानें उघड्या मैदानांत उपदेश करण्यास आरंभ केला. जवळच्या किंग्जवुड येथील कोळशाच्या खाणींतले मजूर, ज्यांच्याकडे आजवर फारसें कोणी फिरकलें नव्हतें, ते मोठ्या संख्येनें त्याचें ऐकावयास येऊं लागले.

लोक जमले. त्यांना बसावयास जागा हवी म्हणून १७३९ सालींच ब्रिस्टलमध्यें 'न्यू रूम' नांवाची इमारत बांधावयास घेतली. ती आजहि उभी आहे. इमारत झाली, तसें कर्जहि झालें. १५ फेब्रुवारी १७४२ रोजीं या कर्जाचा विचार करण्यासाठीं प्रमुख सभासद एकत्र बसले. फॉय नांवाच्या एका कॅप्टननें सुचविलें कीं, कर्ज फिटेपर्यंत प्रत्येक सभासदानें आठवड्याला एक पेनी द्यावी. पेनी म्हणजे त्या वेळच्या पौंडाचा २४० वा भाग. तरीहि कोणीतरी शंका काढली कीं, यांतले बरेच जण इतके गरीब आहेत कीं, तेवढेंहि त्यांना झेपणार नाहीं. त्यावर कॅप्टननें जें उत्तर दिलें, त्यांत पुढच्या साऱ्या पद्धतीचें बीज आहे. अगदीं गरीब असे अकरा जण आपल्याकडे सोंपवावे. आपण दर आठवड्याला त्यांच्या घरीं जाऊं. त्यांना देतां आलें तर बरेंच झालें, न आलें तर त्यांची पेनी आपण भरूं, असें तो म्हणाला. इतरांनींहि आपल्या शेजारचे असेच अकरा-अकरा जण वांटून घ्यावे, अशी त्याची सूचना होती. ती मान्य झाली. अकरा आणि त्यांची काळजी वाहणारा एक, असा बारा जणांचा 'वर्ग' तयार झाला. येथें वर्ग म्हणजे शाळेंतला वर्ग नव्हे. मोठ्या समुदायाचा केलेला एक भाग, एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता.

वसुलीसाठीं माणसें घरोघर फिरूं लागलीं आणि त्यांना पैशांपेक्षां निराळेंच कांहीं दिसूं लागलें. रविवारच्या सभेंत डोळे मिटून गाणारा माणूस घरीं कसा असतो, हें उंबरठ्यावर उभें राहिल्याशिवाय कळत नाहीं. वसुलीस गेलेल्यांपैकीं कांहींनीं वेस्लीला येऊन सांगितलें कीं, अमक्याची वागणूक ठीक नाहीं. वेस्लीच्या ध्यानांत तात्काळ आलें कीं, इतके दिवस आपल्याला जी वस्तु हवी होती, ती हीच. हजार-पांचशें लोकांच्या मनाची विचारपूस एकट्या पाळकानें करणें शक्य नाहीं. परंतु अकरा जणांची विचारपूस कोणीहि प्रेमळ आणि सरळ माणूस करूं शकतो. त्यानें सर्व वर्गनायकांना बोलावून आपल्या लोकांची नीट चौकशी करण्यास सांगितलें. कर्जवसुलीची यादी ही आतां आत्म्यांच्या काळजीची यादी झाली. मार्च महिन्यांत लंडनमध्येंहि तीच व्यवस्था लागू झाली.

१७४३ सालीं या संघाचे नियम छापले गेले. त्यांत वर्गनायकाचें काम स्पष्ट लिहिलें आहे. आपल्या वर्गांतील प्रत्येकाला आठवड्यांतून एकदां तरी भेटावें. त्याच्या आत्म्याचें कसें चाललें आहे हें विचारावें. प्रसंगाप्रमाणें सल्ला द्यावा, कान उघडावे, धीर द्यावा. गरिबांच्या मदतीसाठीं तो स्वखुषीनें देईल तें घ्यावें. मग पाळकाला आणि कारभाऱ्यांना आठवड्यांतून एकदां भेटून कोण आजारी आहे, कोण वांकड्या वाटेला लागला आहे हें सांगावें आणि जमलेल्या पैशांचा हिशेब द्यावा. आजारी माणूस आणि चुकलेला माणूस यांचीं नांवें एकाच यादींत आहेत, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. दोघांनाहि भेटीची गरज आहे, असाच त्याचा अर्थ.

घरोघर जाण्याची रीत मात्र फार दिवस टिकली नाहीं. एक तर नायकांना तितका वेळ मिळेना. दुसरें, पुष्कळ सभासद परक्या घरीं नोकरीस होते आणि त्यांच्या मालकांना हे येणेंजाणें खपत नसे. भेट मिळालीच तरी एकांतांत बोलावयास मिळत नसे. तिसरें, दोघांत कांहीं गैरसमज झाला तर तो समोरासमोर बसल्याशिवाय मिटत नसे. म्हणून वर्गांतल्या सर्वांनीं आठवड्यांतून एकदां एका ठिकाणीं जमावें असें ठरलें. एक गीत, एक प्रार्थना, आणि मग एकेकाला विचारावयाचें: गेल्या आठवड्यांत काय झालें? कोठें तोल गेला? कोठें सांवरला? नायक पुष्कळदां प्रथम स्वतःचीच स्थिति सांगत असे. त्यामुळें ऐकणाऱ्यांना आपण न्यायाधीशापुढें उभे आहों असें न वाटतां आपल्यासारख्याच एका वाटसरूबरोबर चाललों आहों असें वाटे. खाणींतला मजूर, विणकर, चांभार, मोलकरीण हीं माणसें तेथें शेजारी शेजारी बसत. ज्यांचें मत आयुष्यांत कोणी विचारलें नव्हतें, त्यांना दर आठवड्याला कोणीतरी मनापासून विचारी आणि उत्तराची वाट पाही. या एका गोष्टीनें त्यांच्यांत किती फरक पडला असेल, याची कल्पना करतां येते.

वर्गांत येण्यासाठीं अट एकच होती: पापांतून सुटण्याची इच्छा. कोणतें मत मानतां, कोणत्या चर्चमध्यें वाढलां, हें प्रथम विचारीत नसत. परंतु ती इच्छा खरी असेल तर ती वागण्यांत दिसली पाहिजे, असा आग्रह होता. त्यासाठीं तीन नियम होते. पहिला, कोणाचें वाईट करूं नये. दुसरा, होईल तितकें सर्वांचें भलें करावें. तिसरा, प्रार्थना, शास्त्रपठण, उपास, प्रभुभोजन इत्यादि ईश्वरी कृपेचीं साधनें नेमानें चालवावीं. पहिल्या नियमाखालीं जे बारकावे सांगितले आहेत, ते वाचून या लोकांची दृष्टि किती व्यवहारी होती हें कळतें. दारू, मारामारी हीं तर आहेतच. पण जकात चुकवून आणलेला माल घेऊं नये, भावानें भावावर फिर्याद करूं नये, अवाजवी व्याज घेऊं नये, आणि देण्याघेण्यांत फार शब्द खर्चूं नयेत, असेंहि तेथें आहे. म्हणजे बाजारांतल्या घासाघिशीपर्यंत धर्म पोहोंचला पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता.

दर तीन महिन्यांनीं प्रत्येकाची विचारपूस होऊन नांवाचें तिकीट मिळे. ज्याची वागणूक सुधारत नसे, त्याला तें मिळत नसे. मोठा गाजावाजा न करतां तो संघाबाहेर राही. हें काम किती कठोर होऊं शके, याचा दाखला वेस्लीच्या रोजनिशींत आहे. १७४३ च्या मार्च महिन्यांत न्यूकॅसल येथें ६४ जणांना संघांतून कमी केल्याची नोंद आहे, आणि प्रत्येकाचें कारणहि दिलें आहे. शिव्याशाप देणारे २, रविवार न पाळणारे २, दारूबाज १७, दारू विकणारे २, भांडखोर ३, बायकोला मारणारा १, खोटें बोलण्याची खोड असलेले ३, निंदानालस्ती करणारे ४, आळशी १, आणि उरलेले २९ जण बेफिकीर व थिल्लर वागणारे. बायकोला मारणें हा घरांतला खाजगी मामला समजला जाण्याच्या काळीं, त्याच कारणानें एका पुरुषाला बाहेर काढलें गेलें, हें विशेष. दुसऱ्या बाजूला, सर्वांत मोठा आंकडा कोणत्याहि ढोबळ पापाचा नसून निष्काळजीपणाचा आहे. मोठ्या पापानें माणूस एकदम पडतो. बेफिकिरीनें तो कळत नकळत खालीं सरकतो, आणि हें सरकणें जवळ बसणाऱ्यालाच दिसतें.

अशा पद्धतीवर आक्षेप येणारच. दुसऱ्याच्या मनांत डोकावण्याचा यांना अधिकार काय? ही हेरगिरी नव्हे काय? बायबलमध्यें अशा वर्गांची आज्ञा कोठें आहे? वेस्लीचें उत्तर सरळ होतें. हे वर्ग ईश्वराच्या आज्ञेनें ठरलेले नाहींत. अनुभवानें उपयोगी ठरलेलें तें एक साधन आहे, आणि उद्यां याहून चांगलें साधन सांपडलें तर बदलावयास हरकत नाहीं. हेरगिरीच्या आक्षेपाचें उत्तर मात्र नियमांत नव्हतें; तें माणसांत होतें. ज्या नायकाला आपल्या अकरा जणांबद्दल कळकळ आहे, त्याची चौकशी ही आईच्या चौकशीसारखी वाटते. ज्याला ती नाहीं, त्याची तीच चौकशी फौजदाराची होते. शब्द तेच, पण ऐकणाऱ्याला फरक लगेच कळतो. एकमेकांपुढें अधिक खोलवर मन मोकळें करूं इच्छिणाऱ्यांसाठीं पांच ते दहा जणांचे आणखी लहान गट निराळे होते, आणि त्यांत पुरुषांचे वेगळे व स्त्रियांचे वेगळे, विवाहितांचे वेगळे व अविवाहितांचे वेगळे अशी मर्यादा पाळलेली होती. या गटांत जाणें ऐच्छिक होतें; वर्ग मात्र सर्वांना सक्तीचा होता.

नायक होण्यासाठीं विद्वत्तेची अट नव्हती. त्यामुळें वर्गांचीं सूत्रें पुष्कळ ठिकाणीं स्त्रियांच्या हातीं आलीं. १७६१ च्या फेब्रुवारींत सारा क्रॉस्बी ही बाई डर्बी येथें आपला वर्ग घ्यावयास गेली. सुमारें तीस जण येतील अशी तिची अपेक्षा होती. आले जवळजवळ दोनशें. एकेकाला विचारणें शक्यच नव्हतें, म्हणून तिनें उभें राहून सर्वांना उपदेशाचे चार शब्द सांगितले. असें करण्यांत आपली चूक तर नाहीं ना, हें तिनें वेस्लीला पत्रानें विचारलें, आणि त्यानें तिला अडविलें नाहीं. स्त्रियांनीं उपदेश करण्याची वाट या पंथांत अशी वर्गाच्या दारांतून उघडली.

या पद्धतीचें मोल वेस्लीला जेथें ती नव्हती तेथें अधिक कळलें. १७६३ च्या ऑगस्टांत तो वेल्समधील पेंब्रुकशायर भागांत गेला होता. तेथें वीस वर्षें उत्तम उपदेश झालेला होता. परंतु जागे झालेल्या लोकांना एकत्र बांधून त्यांना शिकविण्याची व्यवस्था कोणी केली नव्हती. परिणाम असा दिसला कीं, दहांतले नऊ जण पूर्वीपेक्षांहि गाढ झोपीं गेले होते. त्यानें तर पूर्वींच निश्चय केलेला होता कीं, ज्या ठिकाणीं लोकांना एकत्र जोडून ठेवतां येणार नाहीं, तेथें उपदेशाचा एक घावहि घालावयाचा नाहीं. वेस्लीचा मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड हा वक्तृत्वांत त्याच्याहून सरस मानला जाई. पण आपलीं माणसें वर्गांत न बांधल्यामुळें आपलें काम वाळूच्या दोरासारखें झालें, असे उद्गार त्यानें उतारवयांत काढल्याचें सांगतात. वेस्ली १७९१ सालीं वारला, तेव्हां ब्रिटनमध्यें त्याच्या संघाचे सभासद ७० हजारांहून अधिक होते.

मग ही पद्धति मावळली कां? एकोणिसाव्या शतकांत मेथॉडिस्ट लोकांची सांपत्तिक स्थिति सुधारली. प्रशस्त प्रार्थनामंदिरें झालीं. घोड्यावरून गांवोगांव फिरणाऱ्या उपदेशकांच्या जागीं एकाच गांवीं राहणारे पाळक आले, आणि लोकांची काळजी घेणें हें त्या पगारी माणसाचें काम, अशी समजूत रूढ झाली. वर्ग वाढत वाढत तीस-चाळीस जणांचे झाले. प्रतिष्ठित गृहस्थाला आपल्या नोकरासमोर आपली चूक सांगण्याची लाज वाटूं लागली. सर्वांत वाईट म्हणजे, उत्तरें पाठ झालीं. 'कसें काय चाललें आहे?' या प्रश्नाला दर आठवड्यास तेंच गुळगुळीत उत्तर येऊं लागलें, आणि नायकहि त्यावर संतुष्ट राहूं लागला. १८६६ सालीं अमेरिकेंतील दक्षिणेकडच्या मेथॉडिस्ट मंडळीनें वर्गाला येण्याची सक्तीच काढून टाकली. ब्रिटनमध्येंहि हळूहळू तेंच झालें. नियमानें वर्ग बंद पडले असें म्हणण्यापेक्षां, आंतून रिकामे झालेल्या वर्गांना नियमानें निरोप दिला असें म्हणणें अधिक बरोबर.

तरीहि त्या बीजाची उगवण्याची शक्ति गेली नव्हती, आणि त्याचा एक दाखला मुंबईंतच आहे. जॉर्ज बोवेन हा अमेरिकन मिशनरी १८४८ सालीं मराठी मिशनच्या कामासाठीं मुंबईस आला. मिशनचा पगार सोडून तो अत्यंत साधेपणानें राहिला आणि १८८८ सालीं मुंबईंतच त्याचा अंत झाला. १८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर हा मेथॉडिस्ट उपदेशक मुंबईंत आला. सोन्याच्या शोधाच्या दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर उभें राहून उपदेश केलेला हा माणूस. त्याच्या सभांतून जे लोक पुढें आले, त्यांच्यासाठीं त्यानें प्रथम इमारत बांधली नाहीं. त्यांच्या राहत्या घरांतून वर्ग सुरू केले. त्या वर्गांचीच १८७२ सालीं मुंबईची मेथॉडिस्ट मंडळी झाली, आणि बोवेनहि तिच्यांत सामील झाला. ब्रिस्टलमध्यें आधीं इमारत आणि तिच्या कर्जांतून वर्ग. मुंबईंत आधीं वर्ग आणि त्यांतून मंडळी. क्रम उलटा, पण फळ तेंच.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १९१७ सालीं साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला, तेव्हां त्यांच्याहि मनांत हीच तळमळ होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्ताचे शिष्य होऊं इच्छिणारे, यांचा एक बंधुसंघ त्यांना उभारावयाचा होता. नांव कोणत्या पटावर आहे यापेक्षां शिकण्याची इच्छा आहे कीं नाहीं, हें त्यांनीं पाहिलें. वेस्लीच्या एकुलत्या एका अटीशीं याचें नातें उघड आहे. १९१९ सालीं टिळकांना मृत्यु आला आणि तें काम कोवळें असतांनाच पोरकें झालें.

दक्षिण कोरियांतील सेऊल शहरीं योइदो येथील मंडळी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जगांतील अत्यंत मोठ्या मंडळ्यांपैकीं एक झाली. तिची वाढ घराघरांतील लहान गटांवर झाली, आणि त्या गटांच्या नायिका बहुतांशीं स्त्रियाच होत्या. सभागृह कितीहि मोठें झालें तरी शिष्य घडावयाचा तो दहा-बारा जणांच्या बैठकींत, याचा हा पुन्हां आलेला प्रत्यय.

या सर्व इतिहासांतून कोणत्याहि मंडळीला घेण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. संख्या लहान असावी, म्हणजे कोणी लपूं शकत नाहीं आणि कोणी हरवतहि नाहीं. भेट नेमानें व्हावी, कारण मन सांवरण्याचें काम पिकाला पाणी देण्यासारखें आहे. एका मोठ्या पावसानें तें भागत नाहीं. विचारणाऱ्यालाहि कोणीतरी विचारणारें असावें. महाराष्ट्रांतील वारकऱ्याला हें समजावून सांगावयास नको. गळ्यांत माळ घातली कीं नेम आला, आणि नेम टिकावयाचा तर संगत हवी, हें तो पिढ्यान् पिढ्या जाणतो.

पण या तिन्ही गोष्टी असूनहि वर्ग मेले, हें विसरून चालणार नाहीं. व्यवस्था म्हणजे पाट. पाणी निराळेंच असतें. ब्रिस्टलच्या त्या बैठकींत पाणी कोठून आलें, हें पुन्हां एकदां पाहण्यासारखें आहे. इतरांचें लक्ष कर्जाच्या आंकड्यावर होतें. एकाचें लक्ष ज्यांना पेनीहि झेपणार नाहीं अशा अकरा माणसांकडे गेलें. त्यानें त्यांना वगळा असें म्हटलें नाहीं आणि त्यांना माफी द्या असेंहि म्हटलें नाहीं. त्यांच्या दारीं आपण जाऊं आणि कमी पडेल तें आपण भरूं, एवढेंच म्हटलें. असा एक माणूस जेथें पुढें येतो, तेथें शिष्य घडूं लागतात.